पाय तुमचे, पैसा संस्थेचा

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावली जाते आहे. एखाद्या आरोग्यसंस्थेसाठी देणगी जमवत धावणारे तिथे दरवर्षी दिसतात. पहिल्यांदाच असं धावू पाहणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं.

कर्करोग झालेल्या मुलांच्या उपचारांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी मी अर्धमॅरेथॉन (२१ किलोमीटर) धावणार आहे. ओळखीच्यांकडून माझ्या यूपीआयवर पैसे घ्यायचे आणि शेवटी संस्थेला एकरकमी चेक द्यायचा, असं ठरवलंय. चालेल ना? (ठाणे)

नका करू. हेतू चांगला आहे, पण अडचण पावतीची आहे. पैसे तुमच्या खात्यातून गेले की पावती तुमच्या नावाची निघते आणि ज्या काकांनी पाच हजार दिले त्यांच्या हाती काहीच राहत नाही. देणगीवरची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकराची सवलत मिळायला देणगीदाराचं नाव, पत्ता आणि पॅन संस्थेकडे हवा, आणि पैसेही त्याच्याच खात्यातून थेट संस्थेकडे जायला हवेत. दुसरं म्हणजे, नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळं कलम ४१ कखाली घेतात तीच. तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे न्यास नव्हे.

म्हणून संस्थेकडून तुमच्या नावाचं देणगीपान किंवा लिंक मागून घ्या. मुंबई मॅरेथॉनसाठी देणगीचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. तुमची संस्था त्यांच्या यादीत आहे का, हे आधी विचारा. संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा : ८०जीची मान्यता चालू आहे का, पावती किती दिवसांत येते, आणि पैसा कोणत्या कामाला लागेल. ‘पाचशे रुपयांत एका मुलाची केमो’ असलं काही स्वतःच्या मनाने लिहू नका. आकडा संस्थेने दिला तरच वापरा.

लोकांना सांगतानाही नीट सांगा. सवलत साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेवर मिळते, तीही उत्पन्नाशी बांधलेल्या मर्यादेत. नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ती मिळत नाही. दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत बसत नाही.

मागायचं कसं? पान उघडल्यावर शून्य दिसलं की माणूस ‘नंतर बघू’ म्हणतो. म्हणून पहिली देणगी स्वतःची टाका, मग घरातल्या आणि अगदी जवळच्या आठ-दहा जणांची, आणि लिंक चार लोकांत त्यानंतरच फिरवा. तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या संदेशाला अंगठे भरपूर येतात, पैसे फार थोडे. एकेकाला नावाने लिहा, रक्कमही सुचवा. एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा धावण्याच्या आठवड्यात, आणि तिथे थांबा. प्रवेशशुल्क, बूट, प्रवास हे सगळं तुमच्या खिशातून. ते देणगीत मिसळलं की लोक कुजबुजतात, आणि त्यांचं चुकत नाही.

माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. त्याचे तिथले मराठी मित्रही द्यायला तयार आहेत. (नाशिक)

आधी पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून, नेहमीच्या बँकमार्गाने दिलेले पैसे ‘परदेशी देणगी’ ठरत नाहीत. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. ‘दुसऱ्या संस्थेच्या खात्यात टाका, ते आमच्याकडे वळवतील’ हा रस्ता या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. मित्रांनी भावाला पैसे द्यायचे आणि भावाने स्वतःच्या नावावर पाठवायचे, हेही नको.

वय ४४. आज सलग ५ किलोमीटर धावतो. हातात वीस आठवडे आहेत. २१ जमतील? (सांगली)

जमतील, पण आधी डॉक्टर. रक्तदाब, मधुमेह, घरात हृदयविकार किंवा चालताना छातीत भरून येणं यातलं काहीही असेल तर तपासणीशिवाय सुरुवात नको.

आठवड्यातून चार दिवस धावा : तीन छोटी धावणी आणि रविवारी एक लांब. लांब धाव किलोमीटरमध्ये अशी वाढवा : ६, ७, ८, मग उतरून ६, ९, १०, ११, उतरून ८, १२, १३, १४, उतरून १०, १५, १६, १७, उतरून १२, सतराव्या आठवड्यात १८, पुढे १४, ८ आणि विसाव्यात स्पर्धा. दर चौथ्या आठवड्याची उतरण लोक गाळतात आणि नडगी दुखवून घेतात. सरावात २१ गाठायची गरज नाही.

लांब धाव इतकी सावकाश हवी की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. दम लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. नडगीवर लांबवर पसरलेलं दुखणं विश्रांतीने बहुधा निवळतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी हाडावर दाबून दुखत असेल तर धावणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो.

सप्टेंबर ते जानेवारी या काळात गणपती, ऑक्टोबरचा उकाडा आणि दिवाळी येते. दोन आठवडे बुडणार हे धरूनच चाला. बुडालेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढू नका.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी हवी. सुती मोजे घामाने ओले राहतात आणि फोड आणतात.

धावताना ओआरएस घ्यावं की जेल? पाणी किती? (पुणे)

दोघांचं काम वेगळं आहे. ओआरएस मुख्यतः क्षार देतं, जेल म्हणजे पाकिटातला घट्ट गोड पाक साखर देतो. तासाभरापेक्षा जास्त धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. जे घ्यायचं ते लांब धावेत आधी वापरून बघा, स्पर्धेच्या दिवशी नवं काही नको.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. तेच दोनशे मिलिलीटरच्या बाटलीत ओतलं की द्रव इतका घट्ट होतो की मळमळ सुटते, जुलाबही होतात.

पाणी तहानेप्रमाणे. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पेला रिचवला तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, गोंधळायला होतं. लांब धावेआधी आणि नंतर वजन करा. वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं. धावण्याआधी आयबुप्रोफेन हे वेदनाशामक घेऊ नका. घाम गळत असताना ते मूत्रपिंडाला महागात पडू शकतं.

पूर्ण करता आलं नाही तर देणग्या परत कराव्या लागतात का? (कोल्हापूर)

नाही. पैसा केव्हाच संस्थेकडे गेलेला असतो. त्याच संध्याकाळी सगळ्यांना कळवा : कुठवर पोचलात, किती जमले, पावती कधी येईल. करसवलतीसाठी लागणारं, १०बीई म्हणून ओळखलं जाणारं देणगीचं प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यावर, मेअखेरीच्या सुमाराला मिळतं. जूनमध्ये फोन तुम्हालाच येतील, तेव्हा संस्थेतल्या हिशेब पाहणाऱ्या माणसाचा नंबर जपून ठेवा.