बेसबॉलमध्ये मुख्य संघात अजून न आलेल्या पोरांवरून चाहते इतके का भांडतात? त्यांचं पुढे काय होणार हे खरंच आधी कळतं का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण ते छोटं आहे: थोडंफार कळतं. पहिल्याला मात्र वेळ लागेल. मी पिट्सबर्गमध्ये राहते आणि इथल्या पायरेट्स संघापायी आयुष्यातली बरीच वर्षं वाया घालवली आहेत, त्यामुळे उदाहरणं सगळी याच घरची मिळतील.

पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात ५४६ धावा काढल्या, तेव्हा मुंबईत किती चर्चा झाली ते आठवा. आता असं समजा, की तसा पोरगा पुढची तीन-चार वर्षं जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावात खेळतोय, प्रत्येक सामन्याचे आकडे रात्रीच हाती येतायत आणि अशी शंभरावर पोरं तुमच्या एकट्या संघाकडे आहेत. अमेरिकेतली मायनर लीग ती ही. शाळा-कॉलेजातली पोरं जुलैच्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) निवडली जातात, डॉमिनिकन रिपब्लिक आणि व्हेनेझुएलातली सोळा-सतराव्या वर्षीच करारबद्ध होतात आणि मग पायरी-पायरीने वर चढतात. आमच्या पायऱ्या अशा: फ्लोरिडातलं ब्रेडेंटन, मग ग्रीन्सबरो, मग ऑल्टूना, मग इंडियानापोलिस आणि शेवटी पिट्सबर्ग. बहुतेक जण वाटेतच गळतात. पहिल्या फेरीत निवडलेलेसुद्धा.

पण नुसती वाट लांब आहे म्हणून कोणी इतकं भांडत नाही. खरं कारण पैसा. बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर सक्तीची कमाल मर्यादा नाही. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचा क्लब तयार खेळाडू विकत घेऊ शकतो. पायरेट्स घेऊ शकत नाहीत, किंवा घेत नाहीत (यावर इथे वेगळं भांडण आहे, त्यात आत्ता शिरत नाही). पण नियम असा, की खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, आला की पूर्ण सहा वर्षांची सेवा होईपर्यंत तो क्लबचाच, आणि त्यातली सुरुवातीची वर्षं तो किमान वेतनाच्या जवळपास खेळतो. म्हणजे आमच्यासारख्या क्लबला चांगला खेळाडू परवडतो तो एवढ्याच काळात. १९९३ ते २०१२ सलग वीस हंगाम पायरेट्स जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. अशा गावात ऑगस्ट महिन्यात माणसं बोलणार तरी कशावर? ऑल्टूनातल्या शॉर्टस्टॉपवर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकावर.

एवढी वर्षं हे वाद ऐकून माझं मत असं झालंय, की पोराच्या गुणांवर सहसा फारसं दुमत नसतंच. चेंडू किती वेगाने टाकतो, किती जोरात मारतो, किती पळतो हे सगळ्यांना दिसतं. भांडण असतं ते आपला क्लब त्या पोराचं काय करील यावर. ज्याचा क्लबवर विश्वास आहे तो म्हणतो थांबा, होईल. ज्याचा उडालाय तो म्हणतो, हा दुसरीकडे गेला तरच काहीतरी होईल.

आणि विश्वास उडायला कारण आहे. टायलर ग्लासनाऊ नावाचा उंचापुरा पिचर (चेंडू टाकणारा) आम्ही २०११ मध्ये पाचव्या फेरीत घेतला. मायनरमध्ये त्याला कोणाला हात लावता येत नव्हता. पिट्सबर्गला आला आणि ढेपाळला. २०१७ मध्ये त्याचा ईआरए ७.६९ होता. (ईआरए म्हणजे नऊ डावांमागे पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या धावा. चारच्या आसपास म्हणजे ठीक, सात म्हणजे घरी जा.) २०१८ च्या जुलैमध्ये पायरेट्सनी सलग अकरा सामने जिंकले, क्लबला आशा वाटली आणि ३१ जुलैला त्यांनी टँपा बेकडून ख्रिस आर्चर हा नावाजलेला पिचर घेतला. बदल्यात ग्लासनाऊ दिला, ऑस्टिन मेडोज दिला आणि वर दोन आठवड्यांनी शेन बॅझ दिला. त्या दिवशी इथे बरीच मंडळी खूश होती, क्लबने एकदाचा हात ढिला केला म्हणून. ग्लासनाऊवर तर तोवर ‘हा डोक्याने कच्चा’ असा शिक्का बसलाच होता.

पुढच्याच वर्षी टँपामध्ये, दुखापतीमुळे थोडकेच सामने खेळला तरी, त्याचा ईआरए १.७८. आर्चरचा आमच्याकडे ५.१९.

पोरगा एका हिवाळ्यात इतका बदलत नसतो. त्या काळी पायरेट्सचं धोरण होतं की चेंडू खाली ठेवा, बॅटरला जमिनीलगत मारायला लावा, बाकीचं क्षेत्ररक्षक बघतील. २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत ते धोरण चाललंही, तिन्ही वर्षी संघ प्लेऑफला गेला. पण ग्लासनाऊचा खरा माल म्हणजे वर चढल्यासारखा वाटणारा सरळ फास्टबॉल. टँपाने त्याला तो उंच टाकू दिला. गेरिट कोलचंही तसंच. २०११ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, आमच्याकडे २०१७ मध्ये ४.२६, ह्यूस्टनला गेल्यावर २०१८ मध्ये २.८८ आणि २०१९ मध्ये ३२६ बळी. बळी म्हणजे इथे स्ट्राइकआउट, तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद, गैरसमज नको. असे दोन घाव बसल्यावर पिट्सबर्गच्या माणसाने कुठल्याही नव्या पिचरबद्दल शांतपणे बोलावं ही अपेक्षाच चुकीची.

हे एवढं सांगितलं की बाकीचे वाद उलगडतात. हेन्री डेव्हिस घ्या. २०२१ मध्ये ड्राफ्टमधली पहिली निवड आमची होती, आणि क्लबने हा कॅचर (विकेटकीपरसारखा, पिचरचे चेंडू झेलणारा) घेतला. अनेकांचं म्हणणं होतं की मार्सेलो मेयर नावाचा शॉर्टस्टॉप घ्यायला हवा होता. डेव्हिसची बॅट मेजर लीगमध्ये चाललेली नाही, त्यामुळे ‘बघा, आम्ही सांगत होतो’ हे दर आठवड्याला ऐकू येतं. पण ड्राफ्टमध्ये प्रत्येक क्लबला बोनससाठी ठरावीक रक्कम असते. डेव्हिसने त्याच्या जागेला नेमलेल्या रकमेपेक्षा बरंच कमी घेतलं, आणि वाचलेल्या पैशातून क्लबने तिसऱ्या फेरीतल्या बब्बा चँडलरला तीस लाख डॉलर देऊन कॉलेजात फुटबॉल खेळायला जाण्यापासून थांबवलं. तो चँडलर २०२५ च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गला आला आणि चांगला पिचर दिसतोय. मग निवड चुकली की नाही? एकट्या डेव्हिसचा हिशेब मांडलात तर चुकली. दोघांचा एकत्र मांडलात तर मला तरी चुकली म्हणवत नाही.

पॉल स्कीन्सच्या वेळी वाद जास्त रंगला होता. २०२३ मध्ये पहिली निवड पुन्हा आमची. लुइझियाना स्टेटच्या एकाच संघात दोन हिरे: पिचर स्कीन्स आणि आउटफील्डर (मागच्या मैदानातला क्षेत्ररक्षक) डिलन क्रूज. इथले जुनेजाणते म्हणत, पहिल्या निवडीवर पिचर घ्यायचा नाही, हाताचा भरवसा नसतो. त्यांच्याकडे दाखलेही होते. ब्रायन टेलरला यांकीजनी १९९१ मध्ये पहिला घेतला, मारामारीत त्याचा खांदा गेला आणि तो मेजर लीगमध्ये कधी आलाच नाही. मार्क अपेल २०१३ चा पहिला. त्याला मेजर लीगचं तोंड बघायला २०२२ साल उजाडलं, आणि तेही दुसऱ्याच क्लबकडून. क्लबने स्कीन्सच घेतला.

लगेच दुसरं भांडण. एप्रिल २०२४ मध्ये स्कीन्स इंडियानापोलिसमध्ये बॅटर लोकांची दैना करत होता, तरी क्लब त्याला वर आणत नव्हता. हाताला सवय होऊ द्यायची, असं कारण दिलं जात होतं. लोकांना वेगळा वास येत होता. सेवेचं एक वर्ष १७२ दिवसांचं धरतात. पोराला काही आठवडे खाली ठेवलं की ते वर्ष पुरं होत नाही, आणि क्लबला तो जवळजवळ सात हंगाम मिळतो. शिकागो कब्जनी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला असंच १७१ दिवसांवर ठेवलं होतं. एक दिवस कमी! त्यानंतर २०२२ च्या करारात तोड निघाली: जो नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत येईल त्याला पूर्ण वर्ष मिळणार. स्कीन्स ११ मेला आला, १.९६ ईआरए करून पुरस्कार घेऊन गेला, आणि वर्षही मिळवलं. २०२५ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही घेतला, तेव्हा त्याचे विजय दहा आणि पराजय दहा. इतका सरस पिचर आणि त्याच्यामागे धावा काढायला कोणी नाही. मग पुन्हा क्लबवरच गाडी.

खरोखर पोरावरूनच झालेला वाद मला एकच आठवतो, ओनिल क्रूझवरचा. सहा फूट सात इंच उंचीचा शॉर्टस्टॉप कोणी पाहिला नव्हता. ‘एवढा उंच माणूस तिथे वाकणार कसा’ विरुद्ध ‘एवढा जोर पुन्हा कुठे मिळणार’. दोघांचंही खरं ठरलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये क्लबने त्याला सेंटरफील्डला, मागच्या मैदानात मधोमध, हलवलं. आणि मे २०२५ मध्ये त्याने ताशी १२२.९ मैल वेगाने चेंडू मारला. तसा वेग मोजायला लागल्यापासून इतक्या जोरात कोणीच मारलेला नव्हता. त्याच हंगामात त्याची सरासरी मात्र .२०० च्या आसपास, म्हणजे वाईटच. आमच्या शेजारचे निवृत्त बसचालक आजोबा आजही त्याचं नाव निघालं की आवाज चढवतात, आणि मीही चढवते.

आता थोडं कळतं म्हणाले ते काय, तर हे. पोराच्या आकड्यांआधी त्याचं वय बघा. एकोणीसचा पोरगा ऑल्टूनात बाविशी-तेविशीतल्यांसमोर टिकतोय यात जेवढी बातमी आहे, तेवढी चोविशीतल्याने ग्रीन्सबरोत तीस होम रन मारण्यात नाही. ग्रीन्सबरोचं मैदान तर होम रनला इतकं सोयीचं आहे, की तिथले आकडे आम्ही मनातल्या मनात कापूनच धरतो. मग स्ट्राइकआउट किती वेळा होतो ते बघा आणि वरची पायरी चढल्यावर तो आकडा फुगतो का ते बघा. स्काउट लोकांच्या (क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्यांच्या) २० ते ८० च्या मोजपट्टीवर फार जाऊ नका. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी, एवढं माहीत असलं तरी पुरे. ती मोजपट्टी पोराचा आजचा हात आणि पुढचा अंदाज सांगते. उद्या त्याला कोण शिकवणार, हे तिच्यात नसतं.

भारतातले नातेवाईक मला हमखास रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याबद्दल विचारतात. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये करारबद्ध झाले ते आमच्याच पायरेट्सकडे. इथल्या चाहत्यांनी ते जाहिरातबाजीत काढलं. दिनेश लवकर परतला. रिंकू मात्र २०१२ पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या मायनर लीग संघापर्यंत चढला, मग दुखापतींनी थांबला आणि पुढे कुस्तीच्या रिंगणात गेला. त्याआधी ज्याने बेसबॉल हातात धरला नव्हता त्याने एवढं चढावं, हे मला आमच्या कित्येक पहिल्या फेरीच्या पोरांपेक्षा मोठं वाटतं. कोणी मानत नाही, ते सोडा.

सध्याचा विषय कॉनर ग्रिफिन. मिसिसिपीचा शॉर्टस्टॉप, २०२४ मध्ये नववी निवड. याची बॅट चेंडूला लागेल का, अशी स्काउट लोकांना तेव्हा शंका होती. २०२५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्याने ब्रेडेंटन, ग्रीन्सबरो, ऑल्टूना अशा तीन पायऱ्या एका हंगामात चढून .३३३ सरासरी, २१ होम रन आणि ६५ चोरलेले (फटक्याशिवाय पळून गाठलेले) बेस काढले. त्या हिवाळ्यात इथे दोन तट पडले: एक म्हणे, २०२६ च्या पहिल्या दिवसापासून त्याला पिट्सबर्गला खेळवा, दुसरा म्हणे, ऑल्टूनात तो जेमतेम काही आठवडे होता, घाई कशाला. आजोबा पहिल्या तटात. सहा वर्षांचं गणित मालकाने करावं, मी का करू, असं त्यांचं म्हणणं. मी दुसऱ्या तटात, पण पैशाच्या कारणाने नाही. इंडियानापोलिसच्या पातळीवर तिशीतले, मेजर लीगमध्ये जाऊन आलेले पिचर भेटतात, आणि ते तरुण पोराला सरळ चेंडू देतच नाहीत. स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) प्लेटच्या बाहेर पडत जातो आणि पोरगा बॅट फिरवत राहतो. तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर पिट्सबर्गचे संध्याकाळचे सामने भारतात पहाटे चारनंतर सुरू होतात. ग्रिफिन असो की दुसरा कोणी नवा पोरगा, दोन स्ट्राइक झाल्यावर तो बाहेर जाणारा स्लायडर सोडतो की नाही, तेवढंच बघा. होम रन नंतर बातम्यांत दिसतातच.