टर्बो पेट्रोल गाडीला स्पार्क प्लग कोणते घ्यावेत? गॅप किती ठेवावी? जळगावच्या उन्हाळ्यासाठी 'थंड' प्लग लावावेत का?

तुमची गाडी १.२ लिटर, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल, ४० हजार किलोमीटर झालेली. कुणीतरी सांगितलंय की जळगावात पारा ४५ वर जातो, म्हणून एक नंबर थंड प्लग टाका. आणि दुकानदार म्हणतो, गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) कंपनीतूनच सेट होऊन येते, हात लावू नका. पहिला सल्ला सोडून द्या. दुसरा अर्धाच ऐका.

मी धुळ्याचा, गाडी जवळपास तुमच्यासारखीच. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून इरिडियमचे तीन प्लग आणून घरीच बसवले. आटे तेच, लांबी तीच, पानाही तोच बसला, म्हटलं झालं काम. चाळीसगावपर्यंत गाडी मस्त आली. पुढे कन्नडचा घाट लागला. चार माणसं, एसी चालू, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी झटके मारायची आणि इंजिनचा दिवा लुकलुकायचा. पाय उचलला की सगळं शांत. घाट अर्धवट सोडून माघारी चाळीसगावला आलो. तिथल्या मिस्तरीने 'काय व्हयनं भाऊ?' एवढं विचारलं, ऐकून घेतलं, स्कॅनरला हातही न लावता प्लग काढला आणि गॅप मोजायचं फीलर गेज घातलं. १.१ मिलिमीटर! माझ्या गाडीच्या पुस्तकात ०.७ लिहिलंय. प्लग चांगलाच होता, फक्त टर्बो नसलेल्या इंजिनाचा होता.

सपाट रस्त्याला चालणारी गाडी घाटात का अडली, हे कळलं की गॅपचा निम्मा प्रश्न सुटतो. ठिणगी मोकळ्या हवेत पडत नाही, हवा-पेट्रोलच्या दाबलेल्या मिश्रणातून पडते. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच दाखवून दिलं की ठिणगी पाडायला लागणारा व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. त्याने १ बार बूस्ट (जादा दाब) दिला की इंजिनात शिरणारी हवा बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट दाबाची होते, म्हणजे ठिणगीच्या क्षणी सिलिंडरमधला दाबही त्याच प्रमाणात चढतो. ठिणगीचा व्होल्टेज देणाऱ्या कॉइलची ताकद मात्र तेवढीच. मग एक तर ठिणगी पडतच नाही, नाहीतर ती सोपी वाट शोधते आणि प्लगच्या चिनीमातीवरून किंवा कॉइलच्या रबरी बुटातून थेट हेडला (सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणाला) जाते. असं बरेच दिवस चाललं तर कॉइल जाते, आणि एका कॉइलच्या पैशात प्लगचा अख्खा सेट येईल.

दाब कमी करता येत नाही, म्हणून अंतर कमी करायचं. साध्या इंजिनाला १.० ते १.१ चालतं, टर्बोला बहुतेक ठिकाणी ०.७ ते ०.८. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात असतो, तोच खरा. रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून, बूस्ट वाढवला असेल तर लोक ०.६ पर्यंत येतात. त्याखाली उगाच जाऊ नका. फार जवळच्या टोकांत ठिणगी इवलीशी पडते, मिश्रण नीट पेट घेत नाही आणि सिग्नलला उभी गाडी थरथरते.

आता 'थंड' प्लगचं. थंड-गरम म्हणजे बाहेरची हवा नव्हे. प्लग आपल्या टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर देतो, त्याचं ते माप. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर राहिलं तर काजळी जळून जाते. ८०० च्या पलीकडे गेलं तर तेच निखारा होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवतं, आणि टर्बोला त्याच्याइतकं घातक दुसरं काही नाही. जिथं जाळाचं तापमान दोन हजार अंशांच्या घरात आहे, तिथं बाहेर २५ की ४५, याने प्लगला फारसा फरक पडत नाही. मे महिन्यात पिकअप कमी वाटतो तो वेगळ्या कारणाने: गरम हवेने नॉकिंगची (मिश्रण आपोआप भडकण्याची) भीती वाढते, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगीचं टायमिंग मागे घेतं. प्लग बदलून ते जाणार नाही. उलट घर ते फुले मार्केट एवढीच गाडी फिरणार असेल तर थंड प्लगवर काजळी चढेल आणि तुम्ही पुन्हा नवा प्रश्न विचाराल. एक नंबर थंड हा रीमॅपवाल्यांचा विषय आहे.

शिवाय नंबरांची दिशा कंपनीनुसार उलटसुलट आहे. एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेच्या बीकेआर६ई-११ या नावात ६ हा उष्णतेचा नंबर आणि शेवटचा ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. हे आधी ठाऊक असतं तर दुकानातच डबी परत केली असती.

कंपनीतून गॅप बरोबर येते हे खरं, पण डबी आपल्या दुकानात पोचेपर्यंत चार वेळा आपटलेली असते. म्हणून मोजा. इरिडियमचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास बारीक असतं, तिरकं दाबलं की तुटतं. नाण्यासारखं गोल गेज मध्ये घुसवून उचकटू नका. तारेचं गेज घ्या, वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी, तीही ०.२ पर्यंतच. त्याहून जास्त फरक असेल तर प्लगच चुकीचा आहे.

बसवताना इंजिन पूर्ण गार हवं, हेड ॲल्युमिनियमचं असतं. प्लग सैल करण्याआधी खड्ड्यात हवा मारा, आपल्याकडची धूळ थेट सिलिंडरमध्ये पडते. आधी बोटांनीच फिरवा. टॉर्क पाना असेल तर १२ मिलिमीटरच्या आट्यांना १५ ते २० न्यूटन-मीटर, १४ च्या आट्यांना २५ ते ३०. पाना नसेल तर हाताने घट्ट झाल्यावर, नव्या वॉशरचा प्लग साधारण अर्धा फेरा. आट्यांना ग्रीस नको, त्याने तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो.

काढलेले जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. तिन्ही फिकट तपकिरी असतील तर नंबर बरोबर आहे, तोच परत आणा. एखादाच काळा किंवा तेलकट निघाला तर नवा सेट घेण्याआधी तो सिलिंडर दाखवून घ्या.