आयडाहोच्या केसमध्ये डीएनएने नक्की काय केलं?

प्रश्न होता: "अमेरिकेत आयडाहोमध्ये कॉलेजच्या चार मुलांचे खून झाले त्यात म्हणे चाकूच्या म्यानाच्या एका बटणावरच्या डीएनएवरून खुनी सापडला. छोट्या गावात, जिथे हजारो विद्यार्थी येतात-जातात, तिथे हे कसं जमतं? आणि डीएनए मिळाला की बाकी तपासाची गरजच काय?"

मी बरीच वर्षं फॉरेन्सिक लॅबच्या डीएनए विभागात काम केलंय आणि आता तोच विषय शिकवते, ही केस वर्गात दरवर्षी घेते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी घटना. मॉस्को नावाचं गाव (रशियातलं नाही, आयडाहो राज्यातलं), वस्ती साधारण २५ हजार, त्यात युनिव्हर्सिटी ऑफ आयडाहोचे विद्यार्थी धरून. १३ नोव्हेंबर २०२२ ला पहाटे चारच्या आसपास किंग रोडवरच्या एका भाड्याच्या घरात चार विद्यार्थ्यांना चाकूने भोसकून मारलं. घरात अजून दोन मुली होत्या, त्या वाचल्या, त्यातल्या एकीने मास्क घातलेला, जाड भुवयांचा माणूस जाताना पाहिला होता. त्या गावात त्याआधी सातेक वर्षं एकही खून झालेला नव्हता. म्हणजे तपास करणारी पोलीस यंत्रणा केवढीशी असेल याचा अंदाज करा, म्हणून राज्य पोलीस आणि एफबीआय लगेच मदतीला आले.

आता तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग. कॉलेजच्या गावात डीएनए मिळणं अवघड नसतं, उलट तो नको इतका मिळतो. विद्यार्थ्यांचं भाड्याचं घर, रोज मित्रमैत्रिणी येणार, पार्ट्या होणार, कोणी सोफ्यावर झोपणार, कोणाचं जॅकेट कोण घालून जाणार. अशा घरातल्या दरवाजाच्या मुठीवर स्वॅब (कापूस लावलेली काडी) फिरवला तर पाच-सहा जणांचं मिश्रण येतं आणि त्यातले बहुतेक सगळे तिथे अगदी रीतसर आलेले असतात. इथेही जिन्याच्या कठड्यावर एका अनोळखी पुरुषाचं रक्त मिळालं होतं, घराबाहेर एका हातमोज्यावर दुसऱ्याच पुरुषाचा डीएनए होता, आणि बचावपक्षाने ते कोर्टात मांडलंही. त्यामुळे "डीएनए सापडला का" यापेक्षा कशावर सापडला, कुठे सापडला आणि ती वस्तू त्या घरची होती का, हे जास्त महत्त्वाचं. माझ्या मते ही सगळी केस याच एका गोष्टीवर उभी आहे.

म्यान त्या घरचं नव्हतं. एका मुलीच्या शेजारी, बिछान्यावर पडलेलं चामड्याचं म्यान, का-बार कंपनीचं, त्यावर अमेरिकन मरीनचं चिन्ह. चाकू कधीच मिळाला नाही, आजपर्यंत नाही. पण म्यान मारेकऱ्यासोबत आलं होतं आणि चुकून मागे राहिलं. त्याचं जे टिचबटण असतं त्यावर राज्य पोलिसांच्या लॅबला डीएनए मिळाला, आणि तो एकाच पुरुषाचा होता. मिश्रण नाही, एकच माणूस. लॅबमध्ये काम केलेल्याला या वाक्याची किंमत कळते.

बटणच का, तर बघा, चामडं सच्छिद्र असतं, त्यात त्वचेच्या पेशी मुरतात आणि परत काढणं कटकटीचं होतं, शिवाय चामडं कमावताना वापरलेली रसायनं पुढच्या प्रक्रियेत अडथळा आणतात. धातूचं बटण गुळगुळीत, आणि ते उघडायला-लावायला अंगठ्याने जोर लावावाच लागतो, कडेच्या खाचेत पेशी घासल्या जातात. माणूस बाकी म्यान पुसून काढेल पण ती खाच राहून जाते. आम्ही अशा ठिकाणी आधी किंचित ओला स्वॅब फिरवतो, मग कोरडा, दोन्ही एकत्र करून डीएनए काढायचा, किती मिळालाय ते मोजायचं, पीसीआरने त्याच्या प्रती वाढवायच्या, आणि मग मशीनवर शिखरांचा आलेख येतो. डीएनएवरच्या ठरावीक ठिकाणांपैकी प्रत्येक ठिकाणी एक किंवा दोन शिखरं असली तर एकच माणूस. तीन-चार दिसायला लागली की मिश्रण, आणि मग रात्री जागून विचार करायचा.

पण स्वच्छ प्रोफाइल (त्या सगळ्या ठिकाणांवरच्या शिखरांचा एकत्र नमुना) मिळाली म्हणजे नाव मिळालं असं नाही. अमेरिकेत कोडिस नावाचा गुन्हेगारांचा डेटाबेस आहे, तिथे २० ठिकाणांची तुलना होते. त्यात ज्याचा डीएनए आधी घेतलाय तोच सापडणार. इथे काही सापडलं नाही. मग पर्याय काय? १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या दोन मुलींच्या खुनात, जिथे ॲलेक जेफ्रीज यांचं डीएनएवरून माणूस ओळखण्याचं तंत्र पहिल्यांदा खुनाच्या तपासात वापरलं गेलं, तिथे पोलिसांनी आजूबाजूच्या गावांतल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले होते. (आणि त्या केसमध्ये डीएनएने सगळ्यात आधी एका निर्दोष मुलाला सोडवलं, हे कोणी सांगत नाही.) कॉलेजच्या गावात ते चालणार नाही, लोकसंख्या दर सेमिस्टरला बदलते आणि मारेकरी शेजारच्या गावचा असेल तर सगळं फुकट. इथे तो शेजारच्या गावचाच निघाला, राज्यसुद्धा वेगळं, वॉशिंग्टन राज्यातलं पुलमन.

म्हणून मग वंशावळीचा रस्ता. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये घराण्याच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, तुमच्या चुलत आजोबांचं नाव मिळालं की हळूहळू तुमच्यापर्यंत येता येतं, तसंच काहीसं. यासाठी ती २० ठिकाणं पुरत नाहीत, स्निप म्हणतात त्या लाखो बारीक फरकांची प्रोफाइल लागते, आणि ती अशा वेबसाइटवर टाकतात जिथे लोकांनी हौसेने आपला डीएनए दिलेला असतो. दूरचे नातेवाईक दिसतात, मग जन्ममृत्यूच्या नोंदी, जुनी वर्तमानपत्रं, सोशल मीडिया बघत झाड उभं करायचं आणि वय, लिंग, ठिकाण बघून फांद्या छाटत यायचं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाचा गोल्डन स्टेट किलर असाच मिळाला. आयडाहोत आधी ऑथ्रम या खासगी लॅबने काम सुरू केलं, मग एफबीआयने हातात घेतलं आणि १९ डिसेंबरला स्थानिक पोलिसांना एक नाव दिलं: ब्रायन कोहबर्गर, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत क्रिमिनॉलॉजीची पीएचडी करणारा.

इथे बहुतेक बातम्या घोळ घालतात. वंशावळीतून आलेलं नाव हा पुरावा नसतो, ती टिप असते, एखाद्या खबऱ्याने कानात नाव सांगावं तशी. अटकेसाठी कोर्टात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात त्या वंशावळीचा उल्लेखसुद्धा नव्हता, आणि मला ते पटलं नाही, आरोपीच्या वकिलाला ते पहिल्या दिवसापासून कळायला हवं होतं. नाव मिळाल्यावर मात्र नेहमीचं पोलिसी काम सुरू होतं. २७ डिसेंबरला पेनसिल्व्हेनियात त्याच्या आईवडिलांच्या घराबाहेरचा कचरा उचलला, तो आयडाहोच्या लॅबला गेला, आणि दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं की कचऱ्यातला एक डीएनए म्यानावरच्या माणसाच्या बापाचा असू शकतो, इतर किमान ९९.९९९८ टक्के पुरुष बाप म्हणून बाद होतात. ३० डिसेंबरला पहाटे अटक. तिथल्या सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं की पोलीस आत शिरले तेव्हा तो स्वयंपाकघरात हातमोजे घालून कचरा छोट्या पिशव्यांमध्ये वेगळा करत होता. त्याला कचऱ्याचं महत्त्व माहीत होतं, फक्त बापाच्या कचऱ्यावरून आपल्यापर्यंत येता येतं हे बहुतेक लक्षात आलं नाही.

अटकेनंतर त्याच्या गालाच्या आतून स्वॅब घेतला आणि थेट जुळवणी झाली. आकडा आला ५.३७ ऑक्टिलियन, म्हणजे ५३७ वर २५ शून्यं. याचा अर्थ "तो खुनी असण्याची शक्यता एवढी" असा अजिबात नाही, प्लीज असं कुठे लिहू नका. अर्थ एवढाच की बटणावरचा डीएनए त्याचा असेल तर अशी प्रोफाइल दिसणं, कोणा परक्या माणसाचा असेल त्यापेक्षा एवढ्या पटीने जास्त संभवतं. तो डीएनए तिथे कधी आणि कसा आला हे या आकड्यात नाहीच.

आणि "कसा आला" हा खरंच मोठा प्रश्न आहे. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात एका खुनात मृताच्या नखांखाली ज्याचा डीएनए मिळाला तो माणूस त्या रात्री हॉस्पिटलमध्ये दारूच्या नशेत बेशुद्ध होता, आणि ज्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला नेलं तेच नंतर खुनाच्या जागी गेले, त्यांच्यामार्फत तो डीएनए पोचला. बिचारा काही महिने तुरुंगात होता. जर्मनीत तर हाइलब्रॉनच्या पोलीस महिलेच्या खुनासकट कितीतरी गुन्ह्यांमध्ये एकाच बाईचा डीएनए मिळत होता, वर्षानुवर्षं तिचा शोध चालला, आणि २००९ मध्ये कळलं की तो स्वॅब बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगार बाईचा आहे. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्याची प्रोफाइल नोंदवलेली असायची ती याचसाठी.

म्हणून तुमच्या दुसऱ्या भागाचं उत्तर: बाकी तपासाची गरज असते, प्रचंड असते. इथे त्या घराभोवती फेऱ्या मारणारी पांढरी ह्युंदाई एलांट्रा गाडी कॅमेऱ्यांत होती, कोहबर्गरचा फोन पहाटे २:४७ ते ४:४८ नेटवर्कवरच नव्हता, आणि मार्च २०२२ मध्ये त्याने ॲमेझॉनवरून का-बार चाकू, म्यान आणि धार लावायचं साधन घेतल्याची नोंद मिळाली. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात वजनदार वाटते, कारण "म्यानाला कुठेतरी चुकून हात लागला असेल" हा बचाव तिथे संपतो. आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट ही की २९ नोव्हेंबरलाच पुलमनच्या युनिव्हर्सिटी पोलिसांनी आपल्या यादीत त्याची गाडी शोधून ठेवली होती. पण तेव्हा एलांट्रा २०११ ते २०१३ मॉडेलची मानली जात होती आणि त्याची २०१५ ची, नाव कागदावर आलं आणि जवळपास तीन आठवडे तसंच राहिलं. डीएनएने दिशा दाखवली तेव्हा सगळे तुकडे एकत्र बसले.

कोर्टात काय झालं तेही सांगते. छोट्या गावात निष्पक्ष ज्युरी मिळणार नाही म्हणून खटला बॉइसीला, म्हणजे राज्याच्या राजधानीला हलवला. बचावपक्षाचं म्हणणं होतं की वंशावळीचा शोध हा बेकायदा झडती आहे, न्यायाधीश स्टीव्हन हिप्लर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ते फेटाळलं, गुन्ह्याच्या जागी सोडलेल्या डीएनएवर खासगीपणाचा हक्क सांगता येत नाही असं म्हणाले. त्याच सुनावणीत हेही निघालं की एफबीआयने अशा वेबसाइट वापरल्या ज्या त्यांच्याच खात्याच्या धोरणात बसत नव्हत्या. शेवटी २ जुलै २०२५ ला कोहबर्गरने गुन्हा कबूल केला, फाशी टळली, २३ जुलैला पॅरोलशिवाय चार जन्मठेपा, एकापाठोपाठ एक. खटला उभाच न राहिल्यामुळे त्या बटणाची भर कोर्टात उलटतपासणी झाली नाही, आणि मारण्याचं कारणही त्याने सांगितलं नाही. त्या घरांना उत्तर मिळायला हवं होतं, मला याचं फार वाईट वाटतं.

खाली कोणीतरी विचारलंय, आपल्याकडे असं होईल का. थेट तुलना रोज होते, आरोपीचा नमुना आणि मुद्देमाल समोरासमोर ठेवून, मुंबईत कलिन्याच्या लॅबसकट सगळीकडे. वंशावळीचा शोध मात्र अवघड, कारण त्या वेबसाइटवर मुख्यतः युरोपीय वंशाचे लोक आहेत, भारतीय फारच कमी, त्यामुळे नातेवाईकच दिसणार नाहीत. आणि डीएनएच्या वापरावर स्वतंत्र कायदा आणायचं विधेयक होतं ते सरकारने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. पण त्याही आधी काय सुधारायला हवं ते सांगू? रक्ताचे ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील करणं. सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातले तर डीएनए वर्षानुवर्षं टिकतो, प्लास्टिकमध्ये दमट राहिले की बुरशी आणि जिवाणू तो खाऊन टाकतात, आणि मग कितीही भारी मशीन असू दे, आलेखावर एकही शिखर येत नाही. लाखेचं सील, सह्या, पंचनामा सगळं व्यवस्थित आणि आत काळपट कुजलेला शर्ट, असं पाकीट उघडलं की पोटात कालवायचं, कारण त्या नमुन्याला दुसरी संधी नसते.