१९३९ मध्ये जपानने चीनमधल्या तिआनजिनच्या ब्रिटिश कन्सेशनची (शहरातल्या ब्रिटिशांच्या ताब्यातल्या भागाची) नाकेबंदी का केली?

निमित्त झालं एका खुनाचं. एप्रिलमध्ये जपानधार्जिण्या बँकेचा चिनी मॅनेजर थिएटरात मारला गेला, आणि चार संशयित ब्रिटिश कन्सेशनमध्ये सापडले. ब्रिटिश त्यांना द्यायला तयार होईनात. पण जपानचा खरा डोळा होता तिथे ठेवलेल्या चिनी सरकारच्या चांदीवर. १४ जूनपासून नाक्यानाक्यावर झडती सुरू झाली. ब्रिटिश नागरिकांना चक्क कपडे उतरवायला लावायचे! लंडनमध्ये संताप उसळला, पण युरोपात हिटलर उरावर बसलेला, आरमार पाठवणार कुठून? शेवटी त्या चौघांना सोपवलंच, आणि त्यांचा जीव गेला. माझ्या मते खरी नामुष्की तीच. चांदीचा घोळ मात्र जून १९४० पर्यंत चालला, तेव्हा कुठे नाकेबंदी उठली.