दुरुस्ती घराची : वाचकांचे प्रश्न
डांबर फासू की शिंगल्स बदलू?

प्रश्न : आमच्या घराच्या उतरत्या छपरावर डांबरी शिंगल्स, म्हणजे एकावर एक ओळींत ठोकलेल्या, वर बारीक खडी लावलेल्या डांबरी चकत्या आहेत. दक्षिणेकडच्या पाख्यावर साधारण दीड मीटर लांब आणि मीटरभर रुंद पट्टा झिजलाय. कडा वर वळल्यात, वरची बारीक खडी गळून पन्हळीत साचते, दोन शिंगल्स तर चिरल्याच आहेत. बाकी छप्पर ठीक दिसतं. पोटमाळ्यावर एका वाशावर ओला डाग आहे. वरून डांबर फासून मोकळं व्हा, असा सल्ला मिळतो. तेवढाच तुकडा बदलता येईल का? आणि नवा भाग वेगळा दिसणार नाही ना?

उत्तर : तुकडा बदलता येतो. डांबराचा डबा ज्याने सुचवला, त्याच्याचकडे राहू द्या. वरून फासलेला थर उन्हाने तडकतो, त्या फटीतून आत गेलेलं पाणी खालीच अडकतं, आणि उद्या नीट दुरुस्ती करायला गेलात की शेजारच्या धडधाकट शिंगल्सही त्याला चिकटून फाटतात.

पण छपरावर चढण्याआधी बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर जा. डाग असतो तिथेच पाणी शिरतं असं नाही. ते शिंगल्सखालच्या फळीच्या पोटाशी शिरून वाशावरून उताराने ओघळतं आणि भलत्याच ठिकाणी थेंब धरतं. डागापासून वाशाच्या कडेने वर वर पाहत जा. माग एखाद्या पाइपपाशी किंवा धुरांड्यापाशी पोचला, तर दोष बहुतेक तिथला सांधा झाकणाऱ्या पत्र्याचा. शिंगल्स कितीही बदला, गळती तशीच राहील.

दुसरी परीक्षा छपरावर. झिजलेल्या पट्ट्याच्या वरच्या दोन ओळींतली एक-एक पाकळी (शिंगलच्या खालच्या, दिसणाऱ्या भागाचा चिरांमधला तुकडा) बोटांनी हलकेच उचलून बघा. थोडी वाकली तर काम होण्यासारखं आहे. कटकन मोडली तर थांबा. कारण खराब शिंगल काढायची म्हणजे या वरच्या शिंगल्स उचलाव्याच लागतात, आणि त्या मोडत गेल्या की मीटरभराचं काम आढ्यापर्यंत चढतं. मग तो अख्खा पाखाच बदलायचा विचार करा.

आता खरी गोम. नेहमीची तीन पाकळ्यांची शिंगल सुमारे ३० सेंटिमीटर उंच असते, पण दिसते फक्त १३ सेंटिमीटरच्या आसपास. उरलेली वरच्या ओळीखाली दडलेली. तिला स्वतःचे ४ खिळे असतात. शिवाय वरच्या ओळीचे ४ खिळे तिच्या वरच्या काठातून आरपार गेलेले असतात. लोक पहिले ४ काढतात, शिंगल निघत नाही म्हणून हिसका देतात आणि खालचा जलरोधक कागद फाडून ठेवतात. खिळे ८ काढायचे. त्यासाठी खराब शिंगलच्या आणि तिच्या वरच्या दोन्ही ओळींच्या पाकळ्यांखालची चिकटपट्टी चपट्या पहारीने सोडवा. घाई नको, पहार आडवी सरकवत न्या. हे काम सकाळच्या गारव्यात. भर उन्हात डांबर मऊ पडतं, बुटाखाली खडी निघून येते. कडाक्याच्या थंडीत उलट, शिंगल तडकते.

शिंगल निघाली की कागद तपासा, फळीत स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. आत रुतलं तर फळी कुजली आहे, आधी तेवढा तुकडा बदला.

काढणं वरून खाली, बसवणं खालून वर. शेजारशेजारच्या दोन ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. खिळे गॅल्व्हनाइज्ड, रुंद डोक्याचे, फळीत निदान १९ मिलिमीटर शिरतील एवढे लांब घ्या. फळी त्याहून पातळ असेल तर आरपार जायला हवेत. डोकं शिंगलला टेकलं की थांबा, रुतवलंत तर ती तिथेच कापली जाते. जुन्या भोकात खिळा धरत नाही, बाजूला ठोका आणि भोक छपराच्या सिमेंटने (नेहमीचं सिमेंट नव्हे, डांबराचा घट्ट चिकट लेप) बुजवा. उचललेल्या जुन्या पाकळ्या आपोआप पुन्हा चिकटतील या भरवशावर राहू नका. प्रत्येकीखाली त्याच सिमेंटचा सुपारीएवढा गोळा ठेवून दाबा. जास्त थापलंत तर वर फोड येतात.

शिडी भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर, वरचं टोक वळचणीच्या मीटरभर वर. पाखा चालताना हात टेकावा लागेल इतका उभा असेल, तर सुरक्षादोर वापरणारा कारागीरच बोलवा. छप्पर १९८०च्या आधीचं असेल, तर अशा मालात ॲस्बेस्टॉस सापडू शकतं. तपासून घेतल्याशिवाय कापाकापी नको.

रंग मात्र जुळणार नाही. जुन्या खडीचा रंग उन्हापावसाने उतरलेला असतो, त्याच कंपनीची तीच छटा आणली तरी फरक दिसतोच. समोरचाच पाखा असेल आणि ते डोळ्यांत खुपत असेल, तर मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूच्या चांगल्या शिंगल्स काढून इथे लावा आणि नव्या तिकडे. काम दुप्पट होतं आणि काढताना एखाद-दुसरी मोडतेच. मी असतो तर या भानगडीत पडलो नसतो.