चावण्याआधीचा कागद

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. समोरच्या फ्लॅटमधला रॉटवायलर दार उघडलं की मोकळाच जिन्यात सुटतो, एकदा तुझ्या बॅगेला झोंबला, दुसऱ्यांदा तू भिंतीला टेकून उभी राहिलीस तर पुढ्यात येऊन गुरगुरला, आणि मालक दारातूनच म्हणाले, "घाबरू नकोस गं, तो काही करत नाही." हे वाक्य तारीख-वेळेसकट वहीत लिहून ठेव. तेव्हा जिन्यात आणखी कोण होतं तेही लिही. तुझ्या सगळ्या हकिगतीत वकिलाच्या सर्वांत कामाचं तेच आहे.

का, ते सांगतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम २९१ चा मथितार्थ असा: आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना जो माणूस जाणूनबुजून किंवा हयगयीने पुरेसा बंदोबस्त करत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या संहितेत हेच कलम २८९ होतं, दंड तेवढा एक हजार होता. आता यात काय नाही ते बघ. कुत्रा चावलाच पाहिजे, असं कुठेही म्हटलेलं नाही. सगळा भर मालकाने काय करायला हवं होतं यावर आहे. आणि मालकाचा बचाव ठरलेला असतो, "तो असं वागेल हे मला काय ठाऊक!" तो बचाव उभाच राहू नये, एवढ्यासाठी तुला आधी एक कागद करायचा आहे. नंतरची सगळी दारं त्याच कागदाने उघडतील.

तो कागद म्हणजे मालकांना लिहिलेलं साधं पत्र. तू ज्यांना काका म्हणतेस त्यांना पत्रातही काकाच म्हण. "अमुक तारखेला रात्री अडीच वाजता मी महापेहून ड्यूटीवरून परतले तेव्हा आपला कुत्रा साखळीविना जिन्यात होता व माझ्या अंगावर आला. त्याआधी अमुक तारखेलाही असेच झाले. कृपया जिना, लिफ्ट व पार्किंगमध्ये त्याला आखूड साखळीने धरून न्यावे व शक्य तर तोंडाला मझल (जाळी) बांधावे." बस. 'हिंस्र', 'बेजबाबदार', 'कायदेशीर कारवाई' यातला एकही शब्द नको. पत्र हातात दे, फोटो काढ, तोच फोटो व्हॉट्सॲपवरही पाठव. अशा पत्राने गोष्ट तिथेच मिटण्याची शक्यता बरीच असते, कारण बऱ्याच मालकांना खरोखरच कुणी तोंडावर सांगितलेलं नसतं, सगळे पाठीमागे बोलतात. मिटली नाही, तर त्या दिवसापासून त्यांना "ठाऊक नव्हतं" म्हणता येत नाही.

पत्रात दुसरं काहीही घालू नकोस. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर वकिली करताना माझ्याकडे कुत्र्याची म्हणून आलेली भांडणं पुष्कळदा दोन प्रश्नांनंतर पार्किंगची किंवा बाथरूमच्या गळतीची निघायची, आणि समोरचा वकील नेमकं तेच धरायचा. तुझ्या मेसेजमध्ये त्यांच्या मुलाच्या बाइकचाही उल्लेख आहे. ती बाइक राहू दे.

तुझी रूममेट तिखटाची पूड टाकू म्हणते आणि तिचा मित्र बिस्किटात काहीतरी घालून देऊ म्हणतो, ते मात्र आत्ताच थांबव. जनावराला मारणं, विष देणं, जायबंदी करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मालकाच्या हयगयीला सहा महिने आणि तुमच्या बिस्किटाला पाच वर्षं! शिवाय १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहेच. कुत्रा अंगावर आला असताना बॅग, छत्री, चप्पल जे हाताला लागेल ते पुढे धरून स्वतःला वाचवलंस तर त्यात गुन्हा नाही. दुसऱ्या दिवशी सूड म्हणून काही केलंस तर आहे. आणि खरं सांगू का, त्या कुत्र्याचीही मला दया येते. मालक दिवसभर कामावर, कुत्रा वन बीएचकेच्या गॅलरीत बांधलेला, फिरायला नेणारं कुणी नाही. असं ताकदीचं जनावर दार उघडल्यावर सुटणारच.

"रॉटवायलरवर सरकारने बंदी घातलीय" हे वाक्यही अर्जात नको. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून तेवीस जातींवर निर्बंध घालायला सांगितले होते, त्यात रॉटवायलर होता. पण एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द ठरवलं. तसंच भटक्या कुत्र्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयात जे काही चाललंय ते आणि २०२३ चे नसबंदीचे नियम हा वेगळा विषय आहे. तुझ्या शेजारच्या कुत्र्याला मालक आहे, तेवढ्यावरच राहा.

आता सोसायटी. तू भाडेकरू आहेस, त्यामुळे कमिटी "तुमच्या घरमालकाला पाठवा" म्हणेल. पाठव. घरमालक "लफडं नको" म्हणाले तरी त्यांना एक ईमेल कर, कुत्र्याच्या मालकांना दिलेल्या पत्राची प्रत जोड आणि "सेक्रेटरींना पुढे पाठवावे" एवढी विनंती कर. सेक्रेटरींनाही स्वतः एक प्रत दे, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. सिडकोच्या जुन्या इमारतींत कधी सहकारी सोसायटी असते, कधी अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन, ते आधी विचारून घे, म्हणजे पत्राचा मायना चुकणार नाही. त्यांच्याकडून काय मागायचं तेही नीट समजून घे. कुत्रा पाळायलाच बंदी किंवा कुत्र्याला लिफ्टबंदी असले ठराव सोसायटीला करता येत नाहीत, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. उत्साही चेअरमन असा ठराव करतात आणि मग मालकच पीडित होऊन बसतो. सामायिक जागेत साखळी असावी, असं लेखी कळवणं आणि सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवणं, या दोन गोष्टी माग. फुटेजची मागणी त्याच दिवशी लेखी कर. डीव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यात, जुनं पुसून नवं चढत राहतं, आणि कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते.

महापालिकेकडे पाळीव कुत्र्याचा परवाना असतो, तुझ्याकडे नवी मुंबईची, माझ्याकडे ठाण्याची. समोरच्यांनी तो घेतलाय का आणि रेबीजचं लसीकरण झालंय का, हे पशुवैद्यकीय विभागाला अर्ज देऊन विचार. परवाना नसेल तर नोटीस जाते आणि सरकारी कागदावर कुत्रा कुणाचा ते एकदाचं ठरतं. पुढे "तो आमचा नाहीच, गावाकडच्या मेव्हण्याचा" असं म्हणणारेही मी पाहिलेत.

पत्रानंतरही कुत्रा मोकळाच दिसला तर पोलीस. ऐरोलीला रबाळे पोलीस ठाणं. तिथे ड्यूटीवरचा अंमलदार बहुतेक एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन बोळवण करायला बघेल. शांतपणे सांग की कलम २९१ दखलपात्र आहे, मला एफआयआर हवा आहे. आवाज चढवू नकोस, फाइल पुढे कर: मालकांना दिलेलं पत्र, सोसायटीची पोच, तारखांची यादी, असेल तर फुटेज. नाही घेतला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३ प्रमाणे तीच तक्रार लेखी वरिष्ठांना, आयुक्तालयात म्हणजे पोलीस उपायुक्तांना पाठवता येते, आणि तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तुमचं कोर्ट सीबीडी बेलापूरला. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या त्या कायद्यात महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे बऱ्याच नोकरदार मुलींना ठाऊक नसतं, संकोचापायी त्या विचारतही नाहीत.

आणखी एक वाट आहे, तिचं नाव सहसा कुणी काढत नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १३३. उघडी विहीर, पडायला आलेली भिंत असे सार्वजनिक धोके दूर करण्याचं हे कलम, आणि त्यात धोकादायक जनावराचाही नावानिशी समावेश आहे. कार्यकारी दंडाधिकारी मालकाला जनावर बंदिस्त ठेवण्याचा सशर्त हुकूम देऊ शकतात. कुणाला शिक्षा व्हावी अशी तुझी इच्छा नाही, नुसतं निर्धास्त घरी पोचता यावं एवढंच हवंय, असं तू लिहिलंस. तसं असेल तर एफआयआरपेक्षा हा अर्ज तुझ्या मनाला जास्त पटेल. एक अडचण आहे: धोका सार्वजनिक आहे हे दाखवावं लागतं. म्हणून खालच्या मजल्यावरच्या आजी, दूधवाला, कुरियरवाला यांच्यापैकी दोघा-तिघांची सही मिळव. दूधवाला देईल. आजींच्या सुनेला विचारून मग आजींना विचार.

कोर्टात काय होतं त्याचा अंदाज यावा म्हणून मुंबईतलं एक प्रकरण सांगतो. २०१८ मध्ये वरळीच्या एका इमारतीत एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन लिफ्टमध्ये होते. शेजारी हस्की घेऊन आत शिरू लागला. मूल कुत्र्याला घाबरतं, जरा थांबा, असं सांगूनही तो कुत्र्याला ओढत आत आला आणि कुत्रा त्या गृहस्थांना चावला. दंडाधिकारी न्यायालयाने मालकाला चार महिन्यांची सक्तमजुरी दिली. लिफ्टमधलं सीसीटीव्ही तिथे फार मोलाचं ठरलं, आणि आधी सांगूनही ऐकलं नाही हा मुद्दाही. निकाल लागला तो मे २०२५ मध्ये. घटना २०१८ ची, हेही लक्षात घे. घरमालकांनी करार पुढे वाढवला नाही तर तू तोवर दोन घरं बदललेली असशील. म्हणूनच मी पहिल्या पत्रावर एवढा जोर देतोय, ते आठवडाभरात काम करू शकतं.

देव न करो, पण चावलाच, तर पोलीस, सोसायटी सगळं नंतर. आधी वाहत्या नळाखाली साबण लावून चांगली पंधरा मिनिटं जखम धू. घड्याळ लावून, कारण मनाची पंधरा मिनिटं तीनच असतात. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग ऐरोली सेक्टर ३ चं राजमाता जिजाऊ रुग्णालय किंवा वाशीचं महापालिकेचं रुग्णालय. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली, आता दंडात घेतात, महिनाभरात चार किंवा पाच वेळा, पद्धतीप्रमाणे. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, ते स्वतःहून विचार. "आमच्या कुत्र्याला लस दिलीय" असं मालक म्हणाले तरी तुझा पहिला डोस थांबवायचा नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं ते वेगळं, त्याच्या निकालावर पुढचे डोस डॉक्टर ठरवतील. केस पेपरवर कुत्रा कुणाचा, हे लिहून घे. खर्चाची भरपाई मागायची झाली तर दिवाणी दाव्यात हाच कागद लागतो.

तोवर रात्रीचं काय? पळू नकोस, पळणाऱ्याच्या मागे कुत्रा लागतोच. डोळ्याला डोळा भिडवू नकोस, बाजूला बघत जागच्या जागी उभी राहा, बॅग पुढे, हात छातीशी, मग हळूहळू मागे सरक. शेपटी हलतेय म्हणजे लाडात आलाय असं समजू नकोस, ताठ आणि भराभर हलणारी शेपटी उलटीच खूण असते. कॅबमधून उतरायच्या आधी वॉचमनला फोन करून जिना बघायला सांग. हे तुला करावं लागतंय हा अन्यायच आहे, पण चार दिवस कर.

पत्राचा मसुदा झाला की मला पाठव. विशेषणं असतीलच, ती मी उडवतो. आईला इतक्यात कळवू नका म्हणालीस, ठीक आहे, मी होऊन काही सांगणार नाही. आणि उद्याच्या उद्या समोरच्या काकांनी साखळी लावायला सुरुवात केली, तर पुढचे सगळे अर्ज रद्द. भेटले की नमस्कार कर, चार शब्द बोल, कुत्र्याचं नाव विचार. फाइल मात्र फाडू नकोस, तुमचा करार संपेपर्यंत कपाटात राहू दे.

तुझा,
चरईचा काका