हरलेला डाव त्याच्याकडेच राहू दे

प्रश्न : नमस्कार बाई. आम्ही ऐरोलीला राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. दीड वर्ष बुद्धिबळाच्या क्लासला जातोय. गेल्या महिन्यात त्याला ठाण्यात स्पर्धेला नेलं. पहिले तीन डाव ओळीने हरला, टेबलाखाली बसून रडला आणि चौथ्या डावाला बसलाच नाही. घरी आल्यापासून पट कपाटावर टाकलाय. ‘मी ढ आहे’ म्हणतो. शुद्धलेखनात दोन चुका निघाल्या तरी वहीचं पान फाडतो. हे म्हणतात, ‘मुलीसारखा रडतोस काय?’ सासूबाई म्हणतात, क्लास बंद करा, पोराला त्रास कशाला. त्याला बरं वाटावं म्हणून मी ल्युडोत मुद्दाम हरते. डबा, कंपास विसरला तर शाळेत नेऊन देते. माझं काय चुकतंय? – एक आई, ऐरोली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आधी रडण्याबद्दल बोलते. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी शहरात भारताच्याच कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय वर्षं 19. जिंकल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली. तो व्हिडिओ मुलाच्या बाबांना दाखवा. ‘मुलीसारखा रडतोस काय’ हे वाक्य तुमच्या घरातून कायमचं जायला हवं, असं बाईंनी सांगितलंय म्हणावं.

पुढच्या वेळी तो रडायला लागला की शेजारी बसा आणि घड्याळाकडे बघा. बोलू नका. ‘जाऊ दे, पुढच्या वेळी जिंकशील’ हेसुद्धा नको. ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तुम्हाला माहीत नाही हे त्यालाही कळतं. माझी मुलगी शाळेच्या लंगडीच्या संघातून वगळली गेली तेव्हा मी अशी बसले होते. मला अर्धा तास झाल्यासारखं वाटलं. घड्याळात सातच मिनिटं झाली होती. मग तिने फ्रॉकला नाक पुसलं आणि भूक लागली म्हणाली.

मला खरी काळजी वाटली ती फाडलेल्या पानाची. मी वागळे इस्टेटच्या बाजूला एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. गणित चुकलं की खोडरबराने इतकं घासायचा की कागदाला भोक पडायचं. रबर नसला तर बोटाला थुंकी लावून घासायचा. त्याचे वडील रोज फाटकाशी त्याच्या पाठीवर थाप मारून ‘माझा हुशार पोरगा’ म्हणत. त्यांची माया खरी होती. पण चुकलेलं गणित वहीत दिसलं तर हुशार कसा राहणार, ही त्या पोराची धास्तीही खरीच होती. मग मी शनिवारी वर्गातले सगळे रबर माझ्या टेबलाच्या खणात ठेवायला लागले. चुकलं तर त्यावर एक रेघ, शेजारी पुन्हा मांडायचं. खालचं वाचता आलं पाहिजे. पहिल्या शनिवारी तो वहीवर हात आडवा धरून बसला, मला काही दिसू नये म्हणून. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी एकदा आपणहून वही घेऊन आला आणि त्या रेघेखाली बोट ठेवून म्हणाला, ‘बाई, इथे हातचा विसरलो.’ ‘मी ढ आहे’पासून ‘हातचा विसरलो’पर्यंत यायला त्याला चार-पाच महिने लागले.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1998 साली पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत केलीस’. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यात सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा हुशारीची शाबासकी मिळालेल्यांची कामगिरी पहिल्यापेक्षा खालावली, मेहनतीची मिळालेल्यांची सुधारली. आपले गुण सांगताना वाढवून सांगणारी मुलंही हुशार म्हटलेल्यांतच जास्त निघाली. मला लगेच ते भोक पडलेलं पान आठवलं. म्हणून घरात ‘हुशार’ हा शब्द जरा कमी वापरा. उगाच ‘छान मेहनत’ही नको. नेमकं काय केलं तेवढंच बोला.

आता बुद्धिबळ. मुलांच्या बऱ्याच स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. हरलेला बाद होत नाही, पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला खेळाडू समोर येतो. म्हणजे चौथ्या डावाला बहुतेक त्याच्यासारखाच तीन डाव हरलेला कुणीतरी बसला असता. हे त्याला कुणी समजावून सांगितलं होतं का? नसेल तर सांगा. रडं ओसरल्यावर, वाटलं तर दुसऱ्या दिवशी, एकच विचारा : कुठली चाल परत मिळाली असती तर वेगळी खेळला असतास? एकच चाल. अख्खा डाव उकरू नका.

ल्युडोत मुद्दाम हरणं मात्र आजपासून बंद. नऊ वर्षांच्या मुलाला ते कळतं. त्यापेक्षा बाबांनी स्वतःचा वजीर काढून ठेवून त्याच्याशी बुद्धिबळ खेळावं, सवलत उघड सांगून. मग हरला तर खरा हरेल, जिंकला तर खरा जिंकेल.

डबा विसरला तर जरूर नेऊन द्या, उपाशी पोटी कुणी काही शिकत नाही. कंपास नेऊ नका. शेजारच्या मुलाकडे पट्टी मागेल, नाहीतर बाईंचं ऐकून घेईल. घरी आला की ‘मी सांगितलं होतं ना’ म्हणू नका. रात्री दप्तर त्यालाच भरू द्या.

सासूबाईंच्या पोटात तुटतं, ते मला समजतं. पण रडू ताजं असताना क्लासचा निर्णय नको. दोन महिने थांबा, मग त्यालाच विचारा. तेव्हा नको म्हणाला तर खरंच सोडून द्या.

एक मात्र नीट बघा. झोप उडाली, जेवण तुटलं, मित्र नकोसे झाले आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलला तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

आणि तो पट कपाटावरून खाली काढा. पुसून दिवाणावर ठेवा, मोहऱ्यांची पिशवी शेजारी. मोहरे तुम्ही मांडू नका.